जागल

हरभरा घाट्यावर आला की आमच्या वावरात रात्रीचा माणूस लागतो. शेतीची थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की ती आली त्या क्षणी कोणीतरी विहिरीवर हजर पाहिजे. आणि रोही म्हणजे नीलगायी, शिवाय रानडुकरं आहेतच. हिरव्या घाट्यांचा वास लागला की रोह्यांचा कळप एका रात्रीत अख्खा पट्टा खातो आणि उरलेला तुडवून जातो. म्हणून जेवण झालं की ब्लँकेट, टॉर्च, चहाचा थर्मास आणि वाजवायला एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन मी निघतो. आमच्याकडे ह्याला जागल म्हणतात. बाबा होते तोवर जागलीला तेच जात. सात वर्षं झाली, आता मी जातो.

दिवसा माझं फ्लेक्सचं दुकान आहे. जामच्या फाट्यावरून हिंगणघाटकडे जाताना लागणाऱ्या एका बाजारगावात. मी, एक मशीन आणि दोन वर्षांपासून हाताखाली एक पोरगी, एवढंच.

जागलीत डोळा लागू नये म्हणून मी मोबाइलवर काहीतरी पाहत असतो. पुण्याच्या भाच्यानं दिवाळीत एक इंग्रजी मालिका भरून दिली. म्हणाला, मामा, तुमच्याच धंद्याची आहे, पाहा. तिकडचं इंग्रजी माझ्या कानावर पटकन ठरत नाही. खालची अक्षरं वाचायची, थांबवायचं, मागं घ्यायचं, पुन्हा पाहायचं. असा एक भाग मला कधीकधी दोन रात्री पुरतो. घाई कोणाला आहे?

मालिकेचं नाव मॅड मेन. २००७ ते २०१५ ह्या काळात अमेरिकेत एएमसी वाहिनीवर ती चालली. मॅथ्यू वाइनर तिचा कर्ता. गोष्ट १९६०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधल्या जाहिरात कंपनीची, आणि तिथल्या डॉन ड्रेपर नावाच्या माणसाची. माणूस देखणा, हुशार, आणि जाहिरातीतला बापमाणूस. पण डॉन ड्रेपर हे त्याचं खरं नावच नाही. तो मुळात डिक व्हिटमन, एका गरीब शेतकऱ्याचा पोरगा. कोरियाच्या युद्धात त्याच्यासमोर एक अधिकारी मेला, त्याचं नाव ह्यानं आपल्या अंगावर चढवलं आणि नवा माणूस होऊन परत आला. हे जवळजवळ साऱ्या जगापासून लपलेलं आहे. त्या मेलेल्या अधिकाऱ्याची बायको ॲना हिनं मात्र त्याला शोधून काढलं होतं. तिनं त्याला पोलिसात दिलं नाही. उलट पुढं तीच त्याची सगळ्यात जवळची माणूस झाली. दूर कॅलिफोर्नियात तिचं छोटंसं घर आहे, आणि त्या घरात गेला की तो डॉन उरत नाही, डिक होतो.

एका रात्री मी चौथ्या सत्रातला सातवा भाग लावला. नाव द सूटकेस. ५ सप्टेंबर २०१० ला तो पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शन जेनिफर गेट्झिंगरचं, लेखन खुद्द वाइनरचं. सगळी गोष्ट एका दिवसाची आणि त्याच्या पुढच्या रात्रीची आहे. दिवस २५ मे १९६५, म्हणजे मोहम्मद अली आणि सनी लिस्टन ह्यांची मुष्टियुद्धाची दुसरी लढत झाली तो. मेन राज्यातल्या लुइस्टन गावी अलीनं पहिल्याच फेरीत लिस्टनला पाडलं. ऑफिसात सगळ्यांच्या पैजा लागल्यात. डॉनचे पैसे लिस्टनवर आहेत, अली त्याला आवडत नाही. मला हे फार बरोबर वाटलं. अलीनं वर्षभरापूर्वीच आपलं जुनं नाव टाकून नवं घेतलं होतं, आणि तेही जगाला तोंडावर सांगून. चोरून नाव बदललेल्या माणसाला तो कसा सहन व्हावा?

तर सगळे लढत पाहायला निघालेत, आणि कॅलिफोर्नियाहून डॉनसाठी निरोप येतो. तातडीनं फोन करा. ॲनाला कॅन्सर आहे हे त्याला आधीच माहीत आहे. म्हणजे निरोप काय असणार हेही त्याला माहीत आहे. तो चिठ्ठी हातात घेतो, फोनकडे पाहतो, रिसीव्हरला हात लावतो. आणि फोन करत नाही. त्याऐवजी हाताखालच्या पेगीला बोलावतो आणि सॅमसोनाइटच्या सूटकेसची जाहिरात आजच झाली पाहिजे म्हणतो.

नेमकी तेव्हा लाइन आली.

विहिरीवरचा दिवा लागला. मी मोबाइल तसाच थांबवून ठेवला, स्टार्टर दाबला, मोटार गुरगुरली. पाइपातून आधी हवा, मग पाणी. दांडानं चालत गेलो, दोन सऱ्या फोडल्या, दोन बांधल्या. पाणी टॉर्चच्या उजेडात सरीतून पुढं सरकत होतं, समोरची कोरडी माती काळी करत. हे पाहत मी एरवी तासभर उभा राहू शकतो. त्या रात्री मात्र मला खोपडीकडे, म्हणजे जागलीच्या झोपडीकडे, परत जाववेना. मोबाइलच्या काचेवर तो माणूस रिसीव्हरवर हात ठेवून थांबलेला होता.

सात वर्षांपूर्वी मी नागपुरात होतो. एका छापखान्यात जाहिरातींची पानं लावायचं काम. दिवाळी चार दिवसांवर होती, म्हणजे आमचा तो हंगामच. बाबांना वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं, हृदयाचं होतं, धाकटा भाऊ सोबत होता. दुपारी त्याचं माझं बोलणं झालं. म्हणाला, दादा, डॉक्टर म्हणतात आजची रात्र पाहू. मी म्हटलं, पान लावून निघतोच.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी त्याचा फोन आला. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि मला कळलं. असं कसं कळलं म्हणाल, तर ज्याला असा फोन आलाय त्याला सांगावं लागत नाही. माझ्यासमोर एका सराफाची पानभर जाहिरात होती, बांगड्यांचा फोटो. मी फोन उलटा घातला. मग त्या बांगड्या एका ओळीत आणत बसलो. एक बांगडी केसभर खाली वाटायची, ती वर घेतली की दुसरी खाली वाटायची. पुढची चाळीस मिनिटं मी दुसरं काही केलं नाही. फोन आणखी दोनदा थरथरला. पहाटे पान मशीनवर गेलं, तेव्हा मी पहिली बस धरली. जामच्या फाट्यावर उतरून भावाला फोन लावला.

"रात्रीच गेले रे दादा," तो म्हणाला. आणि मग, "तू फोन काहून नाही उचलला?"

मी म्हटलं, "सायलेंटवर होता."

हे खोटं मी त्या दिवसापासून सांभाळलंय. मायला हेच सांगितलं, बायकोलाही हेच सांगितलं.

तर खोपडीत परत आलो आणि उरलेला भाग पाहिला. पेगीचं सांगायला हवं, कारण ह्या रात्रीची अर्धी मालकीण ती आहे. ब्रुकलिनमधल्या साध्या घरातली पोरगी, डॉनची सेक्रेटरी म्हणून लागलेली, आणि नुसत्या कामाच्या जोरावर जाहिराती लिहायला लागलेली. मधल्या काळात तिला लग्नाशिवाय मूल झालं, ते तिनं दुसऱ्याला दिलं. दवाखान्यात ऑफिसातला एकच माणूस तिला भेटायला गेला होता, डॉन. आज तिचा २६वा वाढदिवस आहे. तिचा मित्र हॉटेलात वाट पाहतोय, आणि तिला नवल वाटावं म्हणून त्यानं तिच्या घरचेही सगळे बोलावलेत. ती पुन्हा पुन्हा फोन करून म्हणते, निघालेच. आणि निघत नाही. शेवटी ते नातं फोनवरच तुटतं.

ती का निघत नाही? डॉन अडवतो म्हणून, हे वरवरचं झालं. तिला जायचंच नाहीये. त्या टेबलावर बसलेल्या कोणालाच ती काय करते हे कळत नाही. जिथं आपलं काम कळतं तिथं माणूस अपमान सोसून बसतो. आमच्याकडच्या किती पोरी मी अशा पाहिल्यात.

मग त्यांचं भांडण होतं. ज्या जाहिरातीसाठी डॉनला बक्षीस मिळालं, तिची मूळ कल्पना आपली होती असं तिचं म्हणणं. तुम्ही मला कधी एका शब्दानं धन्यवाद दिले नाहीत, ती म्हणते. आणि तो ओरडतो, पैसे त्यासाठीच तर देतो!

इथं मी मोबाइल पुन्हा थांबवला.

माझ्या दुकानातली पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावते, आठशे मीटरचा टायमिंग वहीत लिहिते. गोळाफेकीचा चार किलोचा गोळा घेतलाय, तो दुकानातच टेबलाखाली असतो, कारण घरी भाऊ चिडवतात. दिवसभर माझ्याकडे डिझाइन करते. हात इतका साफ, की नवरदेवाच्या फेट्याचा एकेक धागा ती वेगळा काढते. आठवड्याभरापूर्वी भरतीची यादी लागली होती. तिचं नाव नव्हतं. मला ते माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे चाळीस बोर्ड रात्रीतून द्यायचे होते. एका बोर्डावर नावात चूक राहिली आणि मी गिऱ्हाइकासमोर तिला बोललो. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, दोन वर्षं झाली. एकदा तरी म्हनलं का तुमी, का बाप्पा चांगलं केलं म्हनून?"

मी म्हणालो, "महिन्याचे पैसे देतो ना तुले."

अगदी हेच. १९६५ सालच्या न्यूयॉर्कमधल्या माणसानं जे म्हटलं तेच मी माझ्या दुकानात म्हटलं होतं, हा भाग पाहायच्या आठ दिवस आधी. पेगी भांडणानंतर बाथरूममध्ये जाऊन रडते. आमच्या दुकानात तसली सोय नाही. ती मागं रांजणाकडे गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि येऊन बोर्डाला रिंगा ठोकायला बसली. उरलेले बोर्ड अकरापर्यंत झाले. तिचा बाप सायकल घेऊन बाहेर उभा होता.

फ्लेक्सच्या दुकानात बसलं की माणसाचं दुःख आणि माणसाची हाव एकाच काउंटरवर येते. एका गिऱ्हाइकाला 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाहिजे असते, दुसऱ्याला 'भावी सरपंच'. तिसरा कोणी येतो तो नुसताच टेकायला, आणि विचारतो, कापसाला काय भाव सुरू आहे. हे तिन्ही शब्द माझ्या कानावर रोज पडतात. जिल्हा परिषदेच्या निवडणुका कितीतरी वर्षं लांबल्या, तेव्हाही आमच्याकडचे भावी कमी झाले नाहीत. एक जण आहे, वावर विकून झालंय, बायको माहेरी गेलीय. दर वाढदिवसाला स्वतःच्या पैशानं स्वतःचेच बोर्ड लावतो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून ज्यांची नावं टाकतो त्यातले अर्धे आता त्याच्याशी बोलतही नाहीत. गेल्या खेपेला म्हणाला, "बोर्ड मोठा टाक, मले दुरून दिसला पायजे." मी त्याला दोनशे रुपये कमी लावले, तेवढंच मला सुचलं.

म्हणून त्या भागातला डक फिलिप्स मला लगेच ओळखू आला. एकेकाळी मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, आता नोकरी गेलेली, दारू लागलेली. पेगीला वाढदिवसाची भेट म्हणून तो छापील व्हिजिटिंग कार्डं पाठवतो. फिलिप्स-ऑल्सन, दोघांची मिळून कंपनी. कंपनी कुठंच नाही, फक्त कार्डं आहेत. रात्री तो झिंगून ऑफिसात येतो, डॉनच्या अंगावर जातो, दोन प्यालेले मध्यमवयीन पुरुष जमिनीवर लोळतात आणि डॉन हरतो. बघायला लाज वाटावी असा प्रसंग आहे. मला डकचा राग आला नाही. ज्यानं कार्डं छापली त्या प्रेसवाल्याची मात्र फार आठवण झाली. त्यालाही कळलं असेल.

भांडण आणि मारामारी ह्यांच्या मधे एक शांत जागा आहे. दोघं एका साध्या खानावळीत जातात, मग एका बारमध्ये. रेडिओवर लढत लागते आणि संपतेही. बोलता बोलता डॉन सांगतो, माझ्या बापाला घोड्यानं लाथ मारली, तो माझ्यासमोर मेला. पेगी म्हणते, माझा बापही माझ्यासमोरच गेला, मी बारा वर्षांची होते. बस, एवढंच. कोणी कोणाचं सांत्वन करत नाही.

डॉनच्या बापाची गोष्ट तिसऱ्या सत्राच्या शेवटच्या भागात येऊन गेलीय. शेतकऱ्यांच्या संघात राहून मिळेल तो भाव त्याला पटत नाही, तो संघातून बाहेर पडतो. मग घरात चणचण, दारू, वादळाची रात्र, बिथरलेलं घोडं. हे पाहताना मला आमचे खरेदी केंद्राचे दिवस आठवले होते. १९७२ साली आपल्या राज्यात एकाधिकार खरेदी आली, आणि पुढं कितीतरी वर्षं कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागे. बैलबंड्यांच्या रांगा. नंबर लागेस्तोवर दोन-दोन रात्री तिथंच. वर चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, कधी हाती येईल ते कोणी सांगायचं नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. बाबा मला कापसानं भरलेल्या बंडीवर वर झोपवायचे आणि स्वतः खाली, जुवाला टेकून जागे राहायचे. घरी दिवसा चार शब्द न बोलणारा माणूस त्या रांगेत रात्रभर बोलायचा. बैलांशी, शेजारच्या बंडीवाल्याशी, आणि मी झोपलो असं समजून माझ्याशीही. त्यांना गाणं येत होतं हे मला त्या रांगेतच कळलं.

विदर्भातल्या शेतकऱ्याचं मरण म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. बाबा गेल्याचं कळल्यावर नागपूरच्या एका ओळखीच्या माणसानं मला हळूच विचारलं होतं, कर्ज होतं का? कर्ज होतंच, कोणाला नाही? पण ते हृदयानं गेले. आमच्या घरातलं दुःख आमचं होतं, साधं, म्हाताऱ्या बापाचं. ते सांगायला गेलो तर ऐकणाऱ्याला दुसरंच काहीतरी ऐकायचं असायचं. मग मी सांगायचंच सोडून दिलं.

पहाटे ऑफिसात डॉन पेगीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. झोपेत की जागेपणी कोण जाणे, त्याला दारात ॲना दिसते. हातात सूटकेस, चेहऱ्यावर हसू. पाहते आणि निघून जाते. उजाडल्यावर तो उठतो, पेगी समोर असतानाच फोन लावतो. पलीकडे ॲनाची भाची, स्टेफनी. ॲना गेली. तिनं देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिलाय, म्हणजे माती नाही, राख नाही, जायचं कारणच नाही. तो फोन ठेवतो आणि हा एवढा मोठा माणूस पोरासारखा रडतो. मला खरं ओळखणारी जगात एकच माणूस होती, ती गेली, असं तो म्हणतो. पेगी म्हणते, ते खरं नाही. डॉनचं काम करणाऱ्या जॉन हॅमचा तो रडवेला, सुजलेला चेहरा मी तीनदा मागं घेऊन पाहिला. ह्या भूमिकेसाठी त्याला टीव्हीचं एमी बक्षीस मिळायला २०१५ उजाडलं, हे मला नंतर वाचून कळलं आणि विनाकारण वाईट वाटलं. एलिझाबेथ मॉसला पेगीसाठी मिळालंच नाही.

थोड्या वेळानं डॉन अंघोळ करून, नवा शर्ट घालून बसलेला असतो. पेपरात लढतीचा फोटो आलाय, खाली लिस्टन, वर उभा अली. त्याच्यावरून त्यानं सूटकेसची जाहिरात काढलीय. पेगीला दाखवतो. आणि काही न बोलता तिच्या हातावर हात ठेवतो, घट्ट.

भाग संपला तेव्हा साडेतीन झाले होते. मोटार चालू होती. मी मात्र डॉनचा विचार करत नव्हतो, पेगीचाही नाही. स्टेफनीचा करत होतो. अख्ख्या भागात ती आपल्याला दिसत नाही. एका घरात, मावशी गेलेली, आणि ती पोरगी रात्रभर फोनजवळ. ज्याला कळवायचं तो उचलत नाही, उलटून करत नाही. त्या रात्री तिच्याजवळ कोण होतं? तिनं चहा तरी घेतला असेल का? डॉनला एक पेगी मिळाली. त्यानं तिचा वाढदिवस मोडून तिला आपल्या जागलीला बसवलं आणि ती बसली. फोनच्या दुसऱ्या टोकाची जागल मात्र स्टेफनीनं एकटीनं काढली.

माझ्या भावानं एकट्यानं काढली. सात वर्षांत मला हे असं कधी दिसलं नव्हतं. मी माझ्याच अपराधाचा विचार करायचो, मी बाबांना शेवटचं पाहिलं नाही, मी उशिरा पोचलो, मी, मी. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांच्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन, २४ वर्षांचा तो पोरगा रात्री पावणेबारापासून सकाळच्या गाडीपर्यंत बसून होता. त्या पिशवीचं मला दुसऱ्याकडून कळलं. त्यानं मला तीनदा फोन केला तो बातमी द्यायला नव्हता केला. बातमी सकाळीही देता आली असती.

आपल्याकडे तर सगळं बांधून दिलेलं असतं. माती, राख, दहावा, तेरवी. तेरा दिवस माणसं घरातून हलत नाहीत. ॲनाच्या मागं डॉनला ह्यातलं काही मिळालं नाही, मला सगळं मिळालं. तरी मी त्यातूनही निसटलो. तेरवीचा फ्लेक्स मीच करतो म्हणून लॅपटॉप घेऊन खोलीत बसलो. बाबांचा बरा फोटो एकच होता, ताईच्या लग्नातला. फेटा बांधलेला, हसलेले. पण शेजारी धाकटा उभा, त्याचा हात बाबांच्या खांद्यावर. असे फोटो आता रोज येतात माझ्याकडे. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो बहुतेक घरांत नसतोच, तो कशात तरी, कोणाच्या तरी शेजारी असतो. मग बाजूचा माणूस कापायचा, आणि खांद्यावर उरलेला हात पुसायचा. शर्टाचं कापड बाजूनं उचलून त्या बोटांवर भरत जायचं. आधी अंगठा जातो, मग एकेक बोट. पांढरा शर्ट असला तर सोपं, चौकडीचा असला तर फार वेळ लागतो, रेघा जुळवाव्या लागतात. बाबांचा शर्ट चौकडीचा होता. मी अख्खी दुपार रेघा जुळवत होतो. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नाही. सगळे म्हणाले, बाबा जसेच्या तसे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. पोरीला म्हटलं, यादीचं काय झालं? ती खालीच पाहत म्हणाली, तीन मार्कानं गेलं. मी म्हटलं, फेट्याचं काम तू करतेस तसं हिंगणघाटात कोणी करत नाही, मी पण नाही करत. तिनं वर पाहिलं, काही बोलली नाही. थोड्या वेळानं विचारलं, भाऊ, तब्येत बरी हाये ना? आता पहाटे धावून आल्यावर ती अकरापर्यंत अभ्यास करते आणि मग येते. पगार तेवढाच ठेवलाय.

मग जुनी हार्ड डिस्क शोधली. ताईच्या लग्नाचा मूळ फोटो त्यात होता. पाच बाय सातचा काढला, लॅमिनेशन केलं.

भाऊ बुटीबोरीला कंपनीत आहे. संक्रांतीला आला तेव्हा म्हटलं, चाल रे आज जागलीले. तो माझ्याकडे पाहतच राहिला, कारण असं मी कधी म्हटलं नव्हतं. खोपडीत शेकोटी केली, घाटे भाजले, हात काळे झाले. मी फोटो दिला. त्यानं टॉर्च धरून पाहिला, बराच वेळ.

"हा माहा हात हाये," तो म्हणाला.

मग मी सांगितलं. बांगड्यांचं पान, उलटा घातलेला फोन, सगळं. सांगताना शेकोटीतली एक काडी मी मोडत होतो, ती मोडून मोडून बोटभर उरली. सायलेंटवर नव्हता रे, मी म्हटलं.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"कसं?"

"सायलेंटवर असता तर रिंग पुरी वाजली असती ना दादा. पयला फोन तू कापला होता. दोन रिंगमंदी."

मला ते आठवतच नव्हतं. सात वर्षं मी शपथेवर सांगितलं असतं की मी फोन नुसता उलटा घातला होता.

तो आणखी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. दूर धुऱ्याकडे रोह्यांच्या खुरांचा आवाज आला. त्यानं डबा उचलला, बाहेर जाऊन वाजवला, आवाज पांगला. लाइन यायला अजून वेळ होता. परत आला, फोटो स्वेटरच्या आत ठेवला, ब्लँकेटचं एक टोक ओढून माझ्या बाजूला टेकला.

"तू झोप घटकाभर," तो म्हणाला. "लाइन आली का मी उठवतो तुले."